बारावं गिऱ्हाईक

नोलीन : ...आणि गिअरबॉक्सशिवाय कशाकडेही बघायचं नाही. गिअरबॉक्स बघ, भाव ठरव, उचल आणि नीघ.

सेफिना : काकू, मी अजून फाटकाच्या आतसुद्धा आलेली नाही.

नोलीन : म्हणून तर इथे सांगतेय. आत गेलीस की ट्रेवर, माझा नवरा, मला तोंड उघडू देणार नाही. सेफिना ना तू? मांगेरेहून फोन केलेली? मला फोनवर वाटलं, कुणी भावासाठी विचारतेय.

सेफिना : सगळ्यांना तसंच वाटतं. माझीच गाडी आहे. मीच पळवते, मीच मोडते.

नोलीन : बरं, बरं. तर ऐक. ट्रेवरचं बोलणं मनावर घ्यायचं नाही. तीन आठवड्यांत अकरा जण येऊन गेले, एकालाही साधा बोल्ट विकलेला नाही त्याने. एकाला म्हणाला, तुझ्या हातांना क्रीमचा वास येतो. एक बिचारा तौरांगाहून ट्रेलर जोडून आला होता. त्याला म्हणाला, ट्रेलर चांगला आहे, त्यात स्वतःच बस आणि जा.

सेफिना : मग जाहिरात कशाला दिली? 'स्कायलाइन, जपानहून आणलेली, सुटे भाग विकणे आहे. सगळं अस्सल. घासाघीस करणाऱ्यांनी फोन करू नये. करू नये म्हणजे करू नये.'

नोलीन : तो सांगत होता, मी लिहीत होते. मार्चमध्ये लायसन्स गेलं त्याचं. डोळ्यांचं मधलं गेलंय. कडेचं तेवढं दिसतं. गाडी चालवता येत नाही तर तिचे तुकडे करतो, म्हणाला. चाकं आणि गिअरबॉक्स काढून ठेवले, पण विकत काही नाही. रोज चहा झाला की गाडीत जाऊन बसतो, स्टेअरिंग धरून. तासभर. अंधार पडला की येतो.

सेफिना : माझा रविवार जवळ आलाय, काकू. जाऊ का आत?

नोलीन : एकच. तो गाडीतलं स्टेअरिंग काढून तुझ्या हातात देईल. सगळ्यांना देतो. कसं आहे, विचारेल. तू म्हणायचं, वा, एकदम अस्सल. एवढंच. त्या अकरा जणांनाही मी इथेच उभं करून हेच सांगितलं होतं.

सेफिना : आणि त्यांनी म्हटलं?

नोलीन : अकराच्या अकरा जणांनी.

सेफिना : आणि अकराच्या अकरा हाकलले गेले.

नोलीन : तो त्याचा स्वभाव आहे गं. त्याला कोण काय करणार!

ट्रेवर : नोलीन! फाटकावर काय संसद भरलीय? आत पाठव तिला. की मुलाखत तूच घेणार?

(शेडमध्ये. गाडी जॅकवर, बॉनेट उघडं. चारी चाकं काढून भिंतीशी रचलेली. कोपऱ्यात जुना पलंग.)

सेफिना : कसे आहात, काका?

ट्रेवर : मी तुझा काका नाही. तुझ्या काकाकडे स्कायलाइन असती तर तू इथे आली नसतीस.

सेफिना : माझ्या काकाकडे व्हॅन आहे. तिच्यात चर्चचे ढोल असतात.

ट्रेवर : उजवीकडे सरक. अजून. हं, आता अर्धी दिसलीस. समोर बघितलं की माणूस गायब होतो. सोय चांगली आहे. नको ती माणसं मी हल्ली नेमकी समोरून बघतो.

नोलीन : म्हणजे मला.

ट्रेवर : मी कुणाचं नाव घेतलं नाही. तुझी कुठली गाडी, पोरी?

सेफिना : स्कायलाइनच. याच सालची. चार दरवाज्यांची.

ट्रेवर : चार? दोन पळायला आणि दोन भाजी ठेवायला?

सेफिना : दोन भाजी ठेवायला. पण पुकेकोहीचे दोन दरवाजेवाले गेल्या महिन्यात माझ्या भाजीच्या मागे होते.

ट्रेवर : जीभ बरी चालते. गिअरबॉक्स कशाने गेला?

सेफिना : तिसरा गिअर मोडला.

ट्रेवर : मोडला! फांदीवरून आंबा पडावा तसा. आपला आपण.

सेफिना : मी मोडला. दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना क्लच पुरता दाबला नाही. घाई झाली.

ट्रेवर : घाई नव्हे. मस्ती.

सेफिना : बरं, मस्ती.

ट्रेवर : नोलीन, ऐकलंस? 'मी मोडला.' सातव्या नंबरचा म्हणत होता रस्ता खराब होता. नववा म्हणाला तेल खराब होतं. तो क्रीमवाला म्हणाला, माझ्या बायकोने मोडला. कारखान्याने केलेला गिअर मोडायला यांना बायका लागतात! गाडी घेतात, टोपी घेतात, पाठीवर जपानी अक्षरं गोंदवून घेतात, त्यात काय लिहिलंय ते विचारलं तर सांगता येत नाही. पोटापाण्याला काय करतेस?

सेफिना : विमानतळावर सामान चढवते. पहाटेची पाळी.

ट्रेवर : म्हणजे वजन कळतं हाताला.

सेफिना : बॅगेवर तेवीस किलोची चिठ्ठी असते आणि आत एकतीस असतात. हाताला कळतं. पाठीला त्याहून आधी कळतं.

ट्रेवर : आणि रविवारी काय आहे? फोनवर तीनदा रविवार रविवार केलंस.

सेफिना : हॅम्प्टन डाउन्सच्या ट्रॅकवर शर्यतीची वर्षातली शेवटची फेरी. सहा फेऱ्या पळाले, गुणांत दुसरी आहे. सातवीला घरी बसले तर सहाही पाण्यात. आज गिअरबॉक्स मिळाला तर शुक्रवारी बसवून होईल. या गाडीचा धड गिअरबॉक्स अख्ख्या ऑकलंडात दुसरीकडे नाही. माझं सगळीकडे विचारून झालंय.

ट्रेवर : गिऱ्हाइकाने असं सांगायचं नसतं. भाव वाढतो.

सेफिना : भाव जाहिरातीत लिहिलाय. बत्तीसशे डॉलर. आणि तुम्ही खाली लिहिलंय करू नये म्हणजे करू नये.

ट्रेवर : हं. पलंगाखाली ठेवलाय, बघितलास?

सेफिना : काय?

ट्रेवर : गिअरबॉक्स गं. त्या पलंगाखाली, घोंगडीत गुंडाळलाय. नोलीन म्हणते माझ्यापेक्षा त्याला ऊब जास्त मिळते. दांडी हलवून बघ. पहिला. दुसरा. आता तिसरा.

सेफिना : आहा! लोण्यात सुरी जावी तसा.

ट्रेवर : लोणी-बिणी राहू दे. लागतोय का कुठे?

सेफिना : नाही.

ट्रेवर : बरं. आता हे धर. जपानहून गाडीबरोबर आलेलं स्टेअरिंग. ओसाकाचा एक म्हातारा हाताने चामडं शिवायचा, तो गेला आणि ते काम संपलं. कसं आहे?

नोलीन : छान आहे ना गं? सगळ्यांना आवडतं.

ट्रेवर : तुला विचारलं नाही. तुला ते गेली पंचवीस वर्षं टोपली अडकवायच्या कड्यासारखं दिसतंय. तू सांग, पोरी.

सेफिना : मी... काका, मी गिअरबॉक्ससाठी आलेय.

ट्रेवर : गिअरबॉक्स कुणाला द्यायचा ते मी स्टेअरिंगवरून ठरवतो. माझी शेड, माझा कायदा. कसं आहे?

नोलीन : ट्रेवर, एक वाजला! थेंब!

ट्रेवर : थेंब पळून जात नाहीत.

नोलीन : डॉक्टरने घड्याळ लावून सांगितलंय. न्हाणीघरात ठेवलेत, पांढरी बाटली. तू घालून ये, मी चहाबरोबरचे स्कोन गरम करते.

ट्रेवर : जातो. या घरात माझ्या डोळ्यांपेक्षा घड्याळालाच जास्त दिसतं. पोरी, तोवर ती चाकंही उचलून बघ. चारही. मग आल्यावर सांग.

नोलीन : ...गेला. दार ओढ. पूर्ण नको, त्याला आवाज कळतो. काय झालं तुला? एक शब्द म्हणायचा होता!

सेफिना : काकू, हे खोटं आहे.

नोलीन : हळू!

सेफिना : चामडंही नाही हे. पिशवीचं रेक्झिन आहे. शिवण बघा, मशीनची. आणि ही चाकं... थांबा. देवा रे! एक चाक दगडाचं आहे का काय? अस्सल असती तर एका हाताने उचलली असती. हे सगळं पार्सलने येणारं भिकार सामान आहे. त्यांना कुणी फसवलं?

नोलीन : मी.

सेफिना : काय?

नोलीन : मी विकलं. गेल्या ऑगस्टात तो पाच दिवस बहिणीकडे तौमारुनुईला गेला होता, तेव्हा चाकं. मग स्टेअरिंग. मग तो मागचा सायलेन्सर, त्याला एक माणूस वंगारेईहून घ्यायला आला होता. त्याजागी दिसायला तसंच मागवून बसवलं. तसंच म्हणजे, मला तसंच वाटलं. फोटो लावून बघितले होते मी, शेजारी शेजारी.

सेफिना : आंधळ्या माणसाची गाडी त्याच्याच शेडमध्ये लुटलीत! काकू, मी विमानतळावर चोर बघितलेत, ते निदान दुसऱ्याच्या बॅगा फोडतात.

नोलीन : बोल. बोलून घे. तुला माहीत आहे डोळ्यात टोचायची औषधाची सुई काय भावाला मिळते? दर महिन्याला एक. सरकारी रांगेत थांबलो असतो तर सात महिने लागणार होते, आणि डॉक्टर म्हणाला एवढा वेळ या डोळ्यांकडे नाही. मी त्याला म्हटलं, गाडीचं काहीतरी विकू. तो म्हणाला, डोळे गेले तर गेले, चाकांना हात लावायचा नाही. या मूर्खपणाला काय म्हणायचं? ज्या गाडीकडे बघायलाच डोळे लागतात, तिच्यासाठी डोळे घालवणार! मग मी सांगितलं, तुझा नंबर लवकर लागला, सगळं फुकट आहे.

सेफिना : आणि त्यांनी मानलं?

नोलीन : एक वर्ष झालं. कडेचं जे दिसतंय ना त्याला, ते त्या चाकांमुळे दिसतंय. हा गिअरबॉक्स राहिला, कारण तो मला उचलेना.

सेफिना : मग आता मी काय करू?

नोलीन : तू फक्त अस्सल म्हण. तुला गिअरबॉक्स मिळेल, रविवारी पळशील. त्याचं काय जातंय? रोज ते धरून बसतो, समाधानात असतो. माझ्यासाठी नको म्हणू, त्याच्यासाठी म्हण.

सेफिना : आणि उद्या कुणी ही चाकं अस्सल म्हणून घेऊन गेला तर? घरी नेऊन तोलेल. मग फोटो काढून सगळीकडे टाकेल, पुकेकोहीचा ट्रेवर नकली माल अस्सल म्हणून विकतो. आम्हा गाडीवाल्यांत एकदा हे नाव पडलं की पुसत नाही, काकू. माणूस मेला तरी लोक म्हणतात, तो ना, तो चाकंचोर.

नोलीन : तो कुणाला विकतच नाहीये!

सेफिना : अजून अकराच आलेत.

नोलीन : मी तुझ्या पाया पडते.

सेफिना : नका. मला शरम वाटते. तुमची नव्हे, माझीच. मघाशी तोंडावर आलं होतं, म्हणून टाकावं अस्सल.

ट्रेवर : दार कुणी ओढलं? थंडी आत यायला घाबरते का? स्कोनचा वास नाही येत, नोलीन.

नोलीन : ठेवतच होते.

ट्रेवर : हं. चाकं उचललीस, पोरी?

सेफिना : उचलली.

ट्रेवर : मग? काय सांगू आता जाहिरातीत? अस्सल ना?

नोलीन : सांग गं.

सेफिना : काका, आधी एक सांगते. गिअरबॉक्स नाही दिलात तरी मी काही म्हणणार नाही. रविवारी कुंपणाशी उभी राहून बघेन.

ट्रेवर : भाषण नको. चर्चमध्ये कर.

सेफिना : स्टेअरिंग खोटं आहे. चाकंही खोटी. अस्सलपेक्षा प्रत्येकी चार-पाच किलो जड. एवढंच मला कळतं. ती खोटी कशी झाली ते मला माहीत नाही, आणि विचारलंत तर मी सांगणार नाही.

ट्रेवर : नोलीन, तुझ्यामागे खुर्ची आहे. बस, पडशील.

नोलीन : ट्रेवर, मी...

ट्रेवर : आणि सायलेन्सर? तो नाही सांगितलास, पोरी.

सेफिना : तुम्हाला माहीत होतं?

ट्रेवर : सर्दी झालेल्या बदकासारखा ओरडतो तो. पहिल्या दिवशी चालू केली तर मला वाटलं शेजारची बदकं आत शिरली. डोळे गेलेत माझे, कान कुणी विकले नव्हते.

नोलीन : पहिल्या दिवसापासून?

ट्रेवर : त्याच्याही आधीपासून. चाकं मी एका हाताने उचलायचो. ऑगस्टापासून दोन हात लागायला लागले. तुला काय वाटलं, ट्रेवर म्हणेल, अरेरे, आता म्हातारे झालो? आणि स्टेअरिंग! अगं, पंचवीस वर्षं माझा अंगठा त्या शिवणीवर होता. डाव्या बाजूला एक टाका सुटलेला होता. तुझ्या स्टेअरिंगचा एकही सुटलेला नाही. नवीन वस्तूला खोट नसते, नोलीन, तिथेच ती पकडली जाते.

नोलीन : मग बोलला का नाहीस? वर्षभर मी जेवताना तुझ्या हातांकडे बघत होते. तू शेडकडे वळलास की मी खिडकीशी येऊन उभी राहायचे.

ट्रेवर : काय बोलायचं? सुयांचे पैसे कुठून आले, हे? मला फुकट म्हणून नेलंस. त्या दवाखान्यात पोचल्यावर माझ्या हातात कॉफी दिली. कपात. बशीसकट. बशीत बिस्किट. सरकारी रांगेत कोण बशी देतं? मी बिस्किट खाल्लं आणि मनात म्हटलं, हे उजवं पुढचं चाक.

नोलीन : आणि तरी जात राहिलास.

ट्रेवर : तू नेत होतीस. मी गाडी चालवू शकत नाही. मला पर्याय काय होता?

नोलीन : नाही म्हणायचा होता.

ट्रेवर : ...चाकं तर गेलीच होती. मग निदान सुया तरी वाया का घालवायच्या?

सेफिना : काका, आणि ते अकरा जण?

ट्रेवर : ते! अकरा जणांच्या हातात मी हे रेक्झिनचं कडं दिलं. सगळ्यांनी कपाळाला लावायचं तेवढं बाकी ठेवलं. 'वा! आता असं काम होत नाही!' एकाने वास घेतला आणि म्हणाला, जुन्या चामड्याचा वासच वेगळा! यांना गिअरबॉक्स देऊ? हे त्यात खोबरेल ओततील. मला वाटलं, आता या धंद्यात कुणालाच काही कळत नाही.

सेफिना : त्यांतल्या काहींना कळलं असेल.

ट्रेवर : कळूनही खोटं बोलले असतील, तर त्याहून वाईट.

नोलीन : त्यांना मीच सांगितलं होतं. फाटकावर. अस्सल म्हणा म्हणून.

ट्रेवर : काय?

नोलीन : अकराही जणांना.

ट्रेवर : म्हणजे मी तीन आठवडे गिऱ्हाइकं हाकलत होतो आणि तू ती शिकवून पाठवत होतीस? तो तौरांगावाला... तो बरा होता गं. त्याने इंजिनाबद्दल दोन शहाणे प्रश्न विचारले होते. मी त्याला ट्रेलरमध्ये बसवलं!

सेफिना : त्याला फोन करा.

ट्रेवर : करीन. माफी मागणार नाही, फोन करीन. आता मला एकच सांग, नोलीन. चाकं कितीला दिलीस?

नोलीन : सोड ना आता.

ट्रेवर : कितीला?

नोलीन : नऊशे.

ट्रेवर : एकेक?

नोलीन : चारींचे मिळून.

ट्रेवर : पोरी, तू ऐकलंस? चारींचे मिळून! अगं, त्याच्या चौपट किंमत येते! तो माणूस मोटरवेवर हसत हसत गेला असेल, गाडी थांबवून हसला असेल! वर्षभर मी गप्प होतो, मला वाटलं बाई चोरी करतेय पण हिशेबाने करतेय. आणि स्टेअरिंग? नाही, नको सांगू. मला रात्री झोप लागायची आहे.

नोलीन : मी कुणाला भाव विचारणार होते? तुला?

ट्रेवर : हो! मला! जेवताना सहज विचारायचं, ट्रेवर, समजा, कुणी अशी चाकं विकली तर काय येईल? मी बरोबर सांगितलं असतं. अभिमानाने सांगितलं असतं!

नोलीन : रडतेय मी आणि तू भाव सांगतोयस.

ट्रेवर : मग दोन्ही होऊ दे. पोरी, गिअरबॉक्स घे. बत्तीसशे. खरं बोललीस म्हणून सवलत नाही. खऱ्याची सवलत मागणारी माणसं खोट्याहून महाग पडतात.

सेफिना : मी कुठे मागितली? मोजून घ्या. काकू, मोजा तुम्ही.

ट्रेवर : तिला नको देऊस! ती नऊशे मोजून बाकीचे परत देईल.

नोलीन : मोजते मी. बरोबर मोजते. पुढच्या नऊ सुयांचे आहेत हे, आणि यावेळी तुला सांगून.

ट्रेवर : दहा सुयांचे. या वेळी भाव मी केलाय.

सेफिना : उचलायला मदत नको, काका. माझी पाठ ओळखते याला. बरोबर छत्तीस किलो.

ट्रेवर : सदतीस. तिसऱ्यात टाकताना क्लच तळापर्यंत. रविवारी मी कुंपणाशी येऊन उभा राहणार आहे. मला दिसणार नाही, पण घाई केलीस तर ऐकू येईल.

सेफिना : घाई नव्हे. मस्ती.

ट्रेवर : चल, नीघ. आणि दार ओढून घे.

नोलीन : ...गेली. ट्रेवर, आता सगळ्या जाहिराती नव्याने लिहू या. तू भाव सांग, मी लिहिते. ही चाकंही घालू, नकली म्हणूनच, नकलीच्या भावाने.

ट्रेवर : घाल. इंजिन घाल, दरवाजे घाल, सगळं घाल. ते स्टेअरिंग मात्र राहू दे.

नोलीन : कुठलं? ते रेक्झिनचं?

ट्रेवर : हो, तेच. हाताला आता त्याची सवय झालीय.